हिरो मैदानात उतरतो तेव्हा : तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

गेल्या अंकात सेलिब्रिटी क्रिकेटबद्दल दोन ओळी काय छापल्या, ठाणे-नवी मुंबईतून पत्रं आणि मेसेज यायचे थांबेचनात. कुणाला गंमत वाटते, कुणाला राग आलाय, आणि बऱ्याच जणांनी एकच विचारलंय की चॅरिटी मॅचचा पैसा जातो कुठे. या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. नावं कुणाचीच छापत नाहीये, फक्त गाव.

कळव्याहून एक कॉलेजवाला लिहितो : ताई, आमच्या ग्रुपमध्ये रोज भांडण होतं. मी म्हणतो सेलिब्रिटींच्या मॅच खऱ्या असतात, बाकी सगळे म्हणतात स्क्रिप्टेड असतं सगळं, हिरोला आउट करत नाहीत. खरं काय?

अरे, हिरोला आउट करत नाहीत म्हणतात ना तुझे मित्र, मग त्यांना हे सांग. ६ मार्च २०२४ ला आपल्या ठाण्यातच, दादोजी कोंडदेव स्टेडियमवर, आयएसपीएल, म्हणजे इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग, सुरू होण्याआधी एक एक्झिबिशन मॅच झाली, एकीकडे सचिन तेंडुलकरची टीम आणि दुसरीकडे अक्षय कुमारची, आणि त्यात सचिनची विकेट काढली कुणी तर मुनव्वर फारुकीने, म्हणजे स्टँडअप कॉमेडियनने. स्क्रिप्ट लिहिणारा माणूस असा सीन लिहील का सांग, ज्यात पैसे भरून आलेल्या पब्लिकचा देवच आउट होतो? स्टेडियम एकदम गप्प झालं होतं.

पण तुमच्या भांडणाचं मूळ वेगळंच आहे असं मला वाटतं, तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकताय. सीसीएल, म्हणजे सेलिब्रिटी क्रिकेट लीग, २०११ ला सुरू झाली, ती लीग आहे, त्यात टीमचे मालक आहेत, स्पॉन्सर आहेत, टीव्हीचे हक्क आहेत. तिथे लोक जिंकायलाच खेळतात. पहिली दोन वर्षं चेन्नई ऱ्हायनोज जिंकली, मग दोन वर्षं कर्नाटक बुलडोझर्स, त्यानंतर तेलुगू वॉरियर्सने लाइन लावली, आणि ही साउथची मंडळी महिनोनमहिने नेट प्रॅक्टिस करून येतात हे त्यांची बॅटिंग बघितली की कळतं. आपली वीर मराठी २०१३ ला आली, रितेश देशमुख कॅप्टन. २०२३ पासून तर सीसीएलने फॉरमॅटच बदलला, दहा-दहा ओव्हरच्या दोन-दोन इनिंग, कसोटीसारख्या. दुसरा प्रकार आयएसपीएल, तिथे अभिनेते मालक आहेत, खेळाडू नाहीत. माझी मुंबई अमिताभ बच्चन यांची, श्रीनगरची टीम अक्षयची, कोलकात्याची सैफ आणि करीनाची. खेळतात आपली गल्लीतली पोरं, टेनिस बॉलवर. पहिल्या सीझनला कोलकाता जिंकली, दुसऱ्याला माझी मुंबई, दोन्ही फायनल ठाण्यातच. आणि तिसरा प्रकार चॅरिटी मॅच, जी एका संध्याकाळची असते, एखाद्या कामासाठी पैसे उभे करायला. तिथे थोडं सांभाळून घेतात हे खरं आहे, साठीच्या ज्येष्ठ नटाला कुणी बाउन्सर टाकत नाही, आणि टाकूही नये. पण म्हणून तिला खोटी म्हणायचं नाही.

नौपाड्यातून एक आजोबा विचारतात : आमच्या तरुणपणी दिलीपकुमार आणि राज कपूर यांच्यात क्रिकेट मॅच झाल्याचं आठवतं. ती गोष्ट खरी की माझ्या मनाचा खेळ?

खरी आहे आजोबा. दोघे दोन टीमचे कॅप्टन, पांढऱ्या कपड्यांत, तो फोटो आजही फिरतो. सिनेमावाल्यांनी मदतनिधीसाठी मैदानात उतरायचं ही पद्धत आपल्याकडे टीव्हीच्याही आधीची आहे, आणि त्या काळात तर पब्लिकला हिरोला पडद्याबाहेर बघायला मिळण्याची ती जवळजवळ एकच संधी असायची. तुम्ही ती मॅच प्रत्यक्ष बघितली असेल तर प्लीज सविस्तर लिहून पाठवा, हाताने लिहिलेलं चालेल, आम्ही टाइप करून घेऊ.

वाशीहून एक वाचिका : मागच्या वर्षी मी, मिस्टर आणि दोन मुलं एका चॅरिटी मॅचला गेलो होतो. तिकीट कमी नव्हतं. बॅनरवर लिहिलं होतं की सगळी रक्कम कॅन्सरग्रस्त मुलांना. आवडता हिरो आला, दोन ओव्हर खेळला, मुलांनी फोटो काढले, छान वाटलं. पण नंतर कुणाला किती पैसे दिले ते कुठेच वाचायला मिळालं नाही. मी संशयी आहे का? आणि तिकिटावर टॅक्समध्ये सूट मिळते का?

नाही हो, तुम्ही संशयी अजिबात नाही, तुम्ही पैसे दिलेत आणि ते पोचले का हे विचारताय. दहा रुपयांची वर्गणी दिली तरी आपण गणपतीच्या मंडळाला जमाखर्च विचारतो, मग इथे का नाही विचारायचं? मला या विषयात सगळ्यात जास्त कळकळ वाटते ती ह्याच मुद्द्याची. अभिनेता मैदानात काय आणतो? चांगली बॅटिंग नाही आणत, ती कोपरखैरणेच्या टर्फवर रोज रात्री यापेक्षा चांगली बघायला मिळते. तो गर्दी आणतो. लोक त्याच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून पाकीट उघडतात. मग त्या गर्दीचा पैसा सांगितलेल्या ठिकाणी पोचला का हे विचारणं त्या अभिनेत्याचंही काम आहे, नुसतं आयोजकांचं नाही. नाव त्याचं वापरलं गेलंय ना.

आता बाहेर हे कसं करतात बघा. इंग्लंडमध्ये सॉकर एड म्हणून फुटबॉल मॅच होते, २००६ ला गायक रॉबी विल्यम्स आणि त्याचा मित्र जोनाथन विल्क्स यांनी सुरू केली, पहिली मॅच ओल्ड ट्रॅफर्डला, पैसे युनिसेफला. एका टीममध्ये निवृत्त फुटबॉलपटू आणि अभिनेते-गायक मिसळलेले. २०१० ला मॅच पेनल्टीवर गेली आणि शेवटची जिंकून देणारी पेनल्टी मारली हॉलिवूडच्या वूडी हॅरेलसनने. पण मला त्या पेनल्टीपेक्षा जास्त आवडतं ते हे, की मॅच टीव्हीवर लाइव्ह चालू असताना मध्येमध्ये युनिसेफचं काम दाखवतात, लोक घरबसल्या फोनवरून पैसे देतात, आणि मॅच संपताना जमलेला आकडा स्क्रीनवर येतो, सगळ्या देशासमोर. आतापर्यंतची एकूण रक्कम दहा कोटी पौंडांच्या पुढे गेलीये. आकडा जाहीर होतो म्हणूनच दुसऱ्या वर्षी लोक परत देतात, ह्यात फार मोठं शास्त्र नाहीये.

आपल्याकडेही चांगली उदाहरणं आहेत. अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सला २०१६ आणि २०१७ ला सेलिब्रिटी क्लासिको झाली, विराट कोहलीची क्रिकेटवाल्यांची टीम आणि अभिषेक बच्चन-रणबीर कपूर यांची कलाकारांची टीम, फुटबॉल. पहिली २-२ बरोबरीत सुटली, दुसरी क्रिकेटवाल्यांनी ७-३ ने मारली. तिथे पैसा कुणासाठी ते आधीपासून माहीत होतं, एकीकडे विराटचं फाउंडेशन, दुसरीकडे प्लेइंग फॉर ह्युमॅनिटी ही संस्था. म्हणजे कुणाला प्रश्न विचारायचा असला तर दार कुठलं ते तरी कळतं.

तुमच्या मॅचबद्दल तुम्ही एवढं करा. बॅनरवर किंवा तिकिटावर ट्रस्टचं नाव होतं का बघा. असेल तर त्या ट्रस्टलाच सरळ मेल टाका की अमुक तारखेच्या मॅचमधून तुम्हाला किती रक्कम मिळाली. प्रामाणिक ट्रस्ट दोन ओळींचं उत्तर देतंच, त्यांना त्यात लपवण्यासारखं काही नसतं. नावच नसेल, नुसतं "कॅन्सरग्रस्त मुलांसाठी" असं मोघम लिहिलं असेल, तर पुढच्या वर्षी तिकीट काढू नका, इतकं साधं आहे. महाराष्ट्रातलं प्रत्येक पब्लिक ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेलं असावं लागतं, त्याला नोंदणी नंबर असतो, आणि नोंदणी नसलेल्या कुणाला लोकांकडून चॅरिटीसाठी पैसे गोळा करायचे तर आधी तिथून परवानगी काढावी लागते. ठाण्यातही धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस आहे.

टॅक्सचं म्हणाल तर तिकीट म्हणजे देणगी नव्हे. तुम्ही पैसे दिले आणि बदल्यात मॅच बघितली, त्यामुळे तिकिटाच्या रकमेवर सूट धरून चालू नका. वेगळी देणगी दिलीत, ट्रस्टकडे ८०जी, म्हणजे देणगीवर टॅक्स सूट मिळण्याची मान्यता, आहे, तुम्ही जुन्या टॅक्स पद्धतीत आहात, आणि रोख दोन हजारांच्या वर दिलेली नाही, तर सूट मिळते. त्यासाठी साधी पावती पुरत नाही, ट्रस्टने १०बीई नावाचं सर्टिफिकेट द्यायला लागतं, ते मागून घ्या. नवीन पद्धत घेतली असेल तर ही सूट नाहीच.

पाचपाखाडीहून एक मावशी : ज्या मालिकेसाठी मी साडेआठला सगळं आवरून बसते त्यातला नायक गेले तीन आठवडे खुर्चीतच बसलेला दाखवतायत. भाची म्हणते कुठल्यातरी सेलिब्रिटी मॅचमध्ये त्याचा पाय गेला. मला सांगा, एवढं काम असताना ह्यांना हे खेळायचं कशाला? घरच्यांचा, प्रोड्युसरचा विचार नको का करायला?

मावशी, तुमचा राग म्हणजे काळजीच आहे, ती कळते. त्या विशिष्ट नटाबद्दल मी बोलणार नाही, पण असं होतं मात्र खूपदा आणि का होतं ते सांगते.

नट जिममध्ये तयार असतो, सिक्स पॅक वगैरे, पण जिम वेगळी आणि मैदान वेगळं. रन काढताना अचानक जोरात पळायचं, मग एकदम थांबून मागे वळायचं, ही सवय शरीराला नसते. त्यात मांडीच्या मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, पहिला जातो. तिशी-चाळिशीनंतर टाचेच्या वरची शीर, अकिलीस, ती धोक्यात. आणि गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ज्याला एसीएल म्हणतात, तर ऑपरेशन आणि मग मैदानावर परत यायला जवळपास नऊ महिने. खरी गडबड अशी होते की हा माणूस सकाळी सातपासून घोडबंदर रोडच्या सेटवर बारा तास उभा असतो, तिथून मेकअप पुसत पुसत गाडीत बसतो, ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास जातो, पोचतो तेव्हा टॉस झालेला असतो, कुणीतरी जर्सी हातात देतं आणि म्हणतं सर ओपनिंगला जा, पब्लिक तुमच्यासाठीच थांबलंय. वॉर्मअप शून्य. पोटात दुपारचा डबा. पायात जिमचे शूज. दुखापत नाही होणार तर काय होणार?

वीस मिनिटं वॉर्मअप केला तर बराच फरक पडतो, हे फुटबॉलवाल्यांनी नीट अभ्यास करून दाखवलंय, फिफा ११+ नावाचा त्यांचा एक व्यायामांचा सेट आहे, इंटरनेटवर फुकट मिळतो, कुणीही करू शकतं. टर्फवर लांब स्टडचे बूट घालायचे नाहीत कारण पाय रुततो आणि गुडघा फिरतो.

नाटकवाल्यांचं तर अजून अवघड. मालिकेत खुर्चीत बसवता येतं, नाटकात कुठे बसवणार? शनिवार-रविवार गडकरीला, घाणेकरला, वाशीला भावे नाट्यगृहात प्रयोग लागलेले असतात, बुकिंग झालेलं असतं, एक नट पडला की अख्ख्या युनिटची नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, बुडते, त्यात बॅकस्टेजचा मुलगाही आला ज्याचं घर त्या नाइटवर चालतं. म्हणून माझं म्हणणं आहे की नटाने खेळावं, जरूर खेळावं, पण महिनाभर आधी पळायला लागावं, आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी खेळू नये.

कशाला खेळायचं विचारलंत ना? बहुतेकांना लहानपणापासून आवडतं म्हणून. ह्यातले कितीतरी जण कॉलेजला बरे खेळायचे, मग एकांकिका लागली आणि मैदान सुटलं. एवढी एक संध्याकाळ त्यांना ते परत मिळतं, आणि त्यातून कुणाचं ऑपरेशन होत असेल तर अजून काय हवं.

ऐरोलीतून एक जण, स्वतः अभिनेता : मी मालिकांमध्ये छोटे रोल करतो. चेहरा ओळखतात, नाव नाही. वर्षात बऱ्याच चॅरिटी मॅचला बोलावणं येतं, पैसे काहीच देत नाहीत, जाण्यायेण्याचेही नाहीत. नाही म्हटलं तर भीती वाटते की पुढच्या वेळी कास्टिंगला नाव घेणार नाहीत. हो म्हटलं आणि लागलं तर माझं काम बंद, कारण मी रोजच्या हिशोबावर आहे. काय करू?

हे पत्र वाचून मी बराच वेळ काही टाइप केलं नाही. कारण चॅरिटी मॅच म्हटलं की सगळ्यांना मोठे स्टार दिसतात, पण अकरा जणांच्या टीममध्ये स्टार दोन, बाकीचे नऊ तुझ्यासारखे असतात आणि मॅच खरं तर ते नऊ जण खेळतात.

एक म्हणजे नाही म्हणता येतं. शूट आहे एवढं सांगितलं की पुरतं, आणि इंडस्ट्रीत हे कारण सगळे मानतात. ज्याला जावंसं वाटतं अशी एक-दोन कामं वर्षाला निवड, जिथे पैसा कुठे जातो ते तुला माहितीये आणि पटलंय.

दुसरं, हो म्हणायच्या आधी तीन गोष्टी मेसेजवर विचार, फोनवर नको, लिहून. मैदानावर डॉक्टर आणि अँब्युलन्स आहे का. खेळाडूंचा अपघात विमा काढलाय का, मोठ्या इव्हेंटला काढतात आणि एका दिवसासाठीही निघतो. आणि येण्याजाण्याची सोय कोण करणार. हे विचारल्यावर कुणी तोंड वाकडं केलं तर ती मॅच सोडून दे, कारण ज्याला तुझ्या पायाची काळजी नाही तो जमलेल्या पैशाची किती काळजी घेईल हे मला तरी सांगता येणार नाही. शिवाय स्वतःची वैयक्तिक अपघात विमा पॉलिसी काढून ठेव, त्यात काही दिवस काम बंद पडलं तर आठवड्याला ठरावीक रक्कम देणारा प्रकार असतो, एजंटला तोच नेमका विचार. वर्षाचा हप्ता साध्या पॉलिसीला फार नसतो. रोजावर काम करणाऱ्या प्रत्येक कलाकाराकडे हे असायलाच हवं, मॅच असो नसो.

आणि मोठ्या स्टारनाही इथेच सांगते, तुमच्यासाठी व्हॅनिटी व्हॅन येते तेव्हा या नऊ जणांच्या चहापाण्याचं आणि गाडीचं बघितलंय का एवढं आयोजकांना एकदा विचारा. तुमच्या एका वाक्याने काम होतं, त्यांच्या दहा मेसेजने होत नाही.

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी : आमच्या कॉम्प्लेक्समध्ये दर वर्षी अंडरआर्म बॉक्स क्रिकेट होतं. या वेळी एका अभिनेत्याला आणून चॅरिटी मॅच करायची आहे, जमलेला पैसा येऊरच्या पाड्यातल्या शाळेला द्यायचा विचार आहे. कसं करावं?

आधी अभिनंदन, कारण तुम्ही पैसे कुणाला द्यायचे ते आधी ठरवलंय, बहुतेक लोक हिरो आधी ठरवतात.

सोसायटी म्हणजे चॅरिटेबल ट्रस्ट नव्हे हे लक्षात घ्या. त्यामुळे पैसे सोसायटीच्या खात्यात घेऊन मग वाटण्यापेक्षा शाळा चालवणारी जी नोंदणीकृत संस्था असेल तिलाच बरोबर घ्या, क्यूआर कोड त्यांचाच लावा, म्हणजे पैसा थेट तिकडे, तुमच्या कमिटीवर कुणी बोट दाखवायला नको. आणि शाळेला पैसेच हवेत का हेही विचारा, कदाचित त्यांना पाण्याची टाकी हवी असेल, मुलांना खेळाचे बूट हवे असतील.

खर्च, म्हणजे मंडप, साउंड, लाइट, ट्रॉफ्या, जेवण, हे सगळं स्पॉन्सरकडून काढा. गेटवर जमलेल्या पैशातून एक रुपया खर्चाला जाणार नाही असं आधीच जाहीर करा आणि पाळा. अभिनेता मानधन घेणार असेल तर त्यात गैर काही नाही, त्याचा तो व्यवसाय आहे, पण मग ते मानधन स्पॉन्सर देणार हे पोस्टरवर लिहा. लपवलं की नंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर काय काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. अभिनेत्याच्या मॅनेजरशी बोलताना वेळ नक्की ठरवा, किती वाजता येणार आणि किती वाजता जाणार, आणि शूट लांबलं तर काय. त्याच्याशिवायही मॅच होईल अशी तयारी ठेवा. मुलांना मात्र आधीच "येणारच" असं सांगू नका, फार वाईट वाटतं त्यांना.

ग्राउंड पालिकेचं असेल तर पालिकेची परवानगी, पोलिसांचं एनओसी, लाउडस्पीकरची वेगळी परवानगी, आणि रात्री दहाला साउंड बंद म्हणजे बंद. कॉम्प्लेक्समध्ये आजारी माणसं असतात, बारावीची मुलं असतात.

मॅच उन्हाळ्यात असेल तर दुपारी अजिबात ठेवू नका, हे मी हात जोडून सांगते. एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हातल्या मोठ्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने माणसं गेली, आपल्या इथल्या कुणीच ते विसरू नये. संध्याकाळी पाचनंतर ठेवा, पाण्याचे जार प्रत्येक कोपऱ्यात, म्हाताऱ्यांना सावलीत खुर्च्या, ओआरएस ठेवा. सीपीआर येणारी दोन माणसं तुमच्यातलीच असू देत, एवढ्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये डॉक्टर-नर्स असणारच.

मॅच झाल्यावर आठवड्याच्या आत हिशोब नोटीस बोर्डावर, संस्थेच्या पावतीच्या फोटोसकट. आणि जमलं तर त्या शाळेच्या मुलांना मॅच बघायला बोलवा, पण स्टेजवर उभं करून चेक देतानाचे फोटो काढू नका. त्यापेक्षा त्यांची एक टीम करून खेळवा. येऊरची पोरं पळायला लागली ना, की तुमच्या हिरोला रन काढणं अवघड जाईल.

नेरुळहून एक मुलगी : माझ्या शाळेतल्या मुली क्रिकेट खेळतात. पण सेलिब्रिटी मॅच बघितली की हिरो खेळतात आणि हिरोइनी झेंडे हलवतात. असं का?

तुझा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो. सीसीएलमध्ये वर्षानुवर्षं अभिनेत्रींना ब्रँड ॲम्बेसेडर म्हणून डगआउटमध्ये बसवलं. कारण काय सांगतात तर पब्लिकला तसंच आवडतं. अगं, तुझ्याच नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी साउथ आफ्रिकेला ५२ रननी हरवून वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा स्टेडियम गच्च भरलं होतं आणि बाहेर रस्त्यावरही माणसं नाचत होती. पब्लिकला काय आवडतं ते तेव्हा कळलंच की सगळ्यांना.

टीव्हीवाल्यांच्या बॉक्स क्रिकेट लीगमध्ये, जी २०१४ ला सुरू झाली, मुलीही टीममध्ये खेळल्या, म्हणजे करता येतं. इंग्लंडच्या त्या सॉकर एडमध्ये आता बायका-पुरुष एकाच टीमकडून खेळतात. आणि आपल्याकडे खेळणाऱ्या अभिनेत्री नाहीत असं कुणी म्हणालं तर नाशिकच्या सैयामी खेरचं नाव सांग. २०२४ ला तिने जर्मनीत आयर्नमॅन ७०.३ पूर्ण केली, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर पळणं, सलग, एका दिवसात. हे करणाऱ्या बाईला तुम्ही झेंडा देणार हातात? घोडबंदरच्या सेक्रेटरींनी हे उत्तर वाचावं आणि आपल्या मॅचमध्ये दोन्ही टीममध्ये निम्म्या मुली घ्याव्यात असं मी त्यांना इथूनच सांगते.

डोंबिवलीहून, ठाण्याच्या ऑफिसात काम करणारे एक वाचक : दान गुपचूप करावं असं आपले लोक सांगत आलेत. ह्या हाताचं त्या हाताला कळू नये. मग हे कॅमेरे, जर्सी, हार-तुरे कशाला? ही निव्वळ पब्लिसिटी आहे.

काही ठिकाणी आहे, नाही म्हणत नाही. पण गुपचूप दान एका माणसाच्या खिशाएवढंच होतं. २०१५ ला नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे दुष्काळी भागात गेले, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्यांना मदत द्यायला लागले, सगळं कॅमेऱ्यासमोर होतं, आणि ते बघूनच सामान्य माणसं पैसे पाठवायला लागली, त्यातून नाम फाउंडेशन उभं राहिलं. ते दोघं गुपचूप देऊन घरी बसले असते तर तुमच्या-माझ्यासारख्यांना कुठे द्यायचं ते कळलंच नसतं. स्वतःचं दान झाकून ठेवा, मला मान्य आहे. पण लोकांकडून गोळा केलेला पैसा मात्र उजेडातच हवा, तो झाकला की घोटाळा सुरू होतो. तुमचा राग तुम्ही कॅमेऱ्यावर काढू नका, हिशोब न देणाऱ्यावर काढा, मी तुमच्या बाजूने आहे.

कोपरीहून एक आई : मुलगा नऊ वर्षांचा. पुढच्या महिन्यात मॅचला जाणार आहोत, त्याला आवडत्या नटाची सही बॉलवर हवी आहे. गर्दीत कसं जमेल?

मॅच चालू असताना बाउंड्रीजवळ हाका मारायला लावू नका, फिल्डिंग करणाऱ्याचं लक्ष जातं आणि बॉल त्याच्या तोंडावर बसू शकतो. मॅच झाल्या झाल्या सगळे धावतात, तेव्हाही मुलाला पुढे ढकलू नका, चेंगरतं. बक्षीस समारंभ होऊ द्या, पंधरा-वीस मिनिटं थांबा, पार्किंगकडे जायच्या वाटेवर एका बाजूला उभं राहा, आणि मुलालाच नाव सांगून विचारू दे, मोठ्यांनी मोबाईल पुढे करण्यापेक्षा लहान मुलाला नट सहसा नाही म्हणत नाहीत. जवळच्या व्हॉलंटियरला आधी सांगून ठेवलंत तर अजून बरं. आणि टेनिस बॉलवर साधं पेन चालत नाही, जाड परमनंट मार्कर न्या.